प्राणवायूचे माथाडी



या व्यासपीठावरून विज्ञानावर बोलावयाचे, तर बोलणारा प्राध्यापक असावा, निदान पदवीधर तरी असावा, अशी आपली समजूत असते आणि ती चुकीची नाही. आमच्यापाशी यांपैकी काही नाही. शाळा दहावीला सुटली. पुढचे शिक्षण झाले ते नगर वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्यांच्या दाराशी. गेली तीस वर्षे आम्ही कामगार संघटनेचे काम करीत आहो. सभेत बोलण्याची सवय आहे, पण तेथे विषय पगार, बोनस आणि कामावरून कमी केलेली माणसे असा असतो. चालकांनी आम्हांस विषय विचारला आणि आम्ही ‘हिमोग्लोबिन’ असे उत्तर दिले, तेव्हा ते क्षणभर गप्पच झाले. “कामगारांच्या प्रश्नावर नाही का बोलणार?” असे त्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, “त्यावरच बोलणार आहो. फक्त सुरुवात जरा आतून करू.”

हा विषय आम्ही हौसेने निवडलेला नाही, तो आमच्यावर येऊन पडला. ती हकीगत आधी सांगतो.

२०१६ सालचा डिसेंबर महिना. एका लहानशा कारखान्यात रात्रपाळीला दोघे कामगार होते. थंडी कडाक्याची. मधल्या सुटीत दोघांनी पत्र्याच्या खोलीत कोळशाची शेगडी पेटवली, दार लावून घेतले, फटीला गोणपाट लावले आणि शेकत बसले. पहाटे तिसरा माणूस दार ढकलून आत गेला, तेव्हा एक जण संपलेला होता आणि दुसरा डोके धरून ओकत होता. त्या दुसऱ्याला दवाखान्यात नेले. तेथे त्याच्या बोटाला ते चिमट्यासारखे यंत्र लावले. आकडा आला ९८. म्हणजे रक्तात प्राणवायू भरपूर! दोन दिवस विश्रांती घे, असे सांगून त्याला घरी धाडले. मेलेल्याचा चेहरा गुलाबी, झोपेत असल्यासारखा दिसत होता. कागदावर कारण लागले, ‘हृदयक्रिया बंद पडून.’

आम्ही भरपाई मागितली. मालकाच्या बाजूने तो ९८ चा आकडाच पुढे करण्यात आला. त्याच खोलीत, त्याच हवेत बसलेल्या माणसाचे रक्त उत्तम आहे, मग हवेचा दोष कसा? आमच्यापाशी उत्तर नव्हते. सभा गाजवणारी आमची जीभ त्या दिवशी टाळूला चिकटली. भरपाई मिळाली नाही. त्या बाईंनी आम्हांस दोष दिला नाही आणि तेच आम्हांस अधिक लागले. त्या ९८ चा अर्थ काय, हे समजून घेण्यासाठी आम्ही वाचावयास बसलो आणि वाचता वाचता अणूंपर्यंत जाऊन पोहोचलो. आज तो प्रवास आपणांस सांगावयाचा आहे.

आपले रक्त प्राणवायू वाहते, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण नुसते पाणी हे ओझे वाहू शकत नाही. एक लिटर रक्तातील हिमोग्लोबिन काढून घेतले, तर उरलेल्या द्रवात जेमतेम ३ मिलिलिटर प्राणवायू विरघळेल. हिमोग्लोबिन असले की तेच एक लिटर रक्त सुमारे २०० मिलिलिटर प्राणवायू वाहते. तांबड्या रक्तपेशीत या हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात आणि तशी पेशी डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. फुफ्फुसात माल उचलावयाचा, स्नायूत उतरवावयाचा आणि रिकाम्या पाठीने परत यावयाचे. हे माथाडीचे काम नव्हे तर काय? तेव्हा आज आम्ही त्यांना माथाडीच म्हणू.

हा माथाडी प्रथिन आहे. प्रथिन म्हटले की आपणांस डाळ आणि अंडे आठवते, पण प्रथिन ही मुळात एक माळ आहे. अमिनो आम्ले नावाचे वीस जातींचे मणी, ते ठरलेल्या क्रमाने ओवलेले. माळ तयार झाली की ती सैल राहत नाही, आपल्याआपण दुमडते, वळते, पीळ घेते आणि एक ठाम आकार धारण करते. पागोट्याचे कापड म्हटले तर एक लांब पट्टी, पण बांधणीवरून ते कोणाचे आणि कोठले हे ओळखता येते. प्रथिनाचेही तसेच आहे. त्याचे काम त्याच्या बांधणीत असते. हिमोग्लोबिनमध्ये अशी चार पागोटी एकमेकांस टेकून बसलेली आहेत. दोघांत १४१ मणी, दोघांत १४६, असे एकूण ५७४ मणी. प्रत्येकाच्या खाचेत हीम नावाची एक चपटी चकती आणि चकतीच्या मध्यभागी लोहाचा एकच अणू. प्राणवायू बसतो तो या लोहावर. चार लोह, चार जागा.

आता प्रश्न असा, की हे पाहिले कोणी आणि कसे? एका मिलिमीटरच्या लांबीत असे सुमारे दीड लाख रेणू ओळीने मांडता येतील. त्याच्या आतील अणू एकमेकांपासून एकदोन आंगस्ट्रॉम अंतरावर असतात आणि आंगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची लाट चार ते सात हजार आंगस्ट्रॉम लांब. त्या प्रकाशाने अणू पाहू जाणे म्हणजे दाभणाने रेशमी टाका घालू जाणे होय. क्ष-किरणांची लाट मात्र दीडएक आंगस्ट्रॉमची असते. पण दुर्दैव असे, की क्ष-किरणांसाठी काचेच्या भिंगासारखे भिंग नाही. मग चित्र उमटावयाचे कसे?

आमचे वडील कापडगिरणीत साचेवाले होते. लहानपणी त्यांनी एक गंमत दाखवली होती. तिचा अर्थ आम्हांस पन्नाशी जवळ आल्यावर कळला. रात्री छत्री उघडून तिच्या ताणलेल्या कापडातून दूरच्या रस्त्यावरील दिव्याकडे पाहावे. एक दिवा दिसावयाचा, तेथे ठिपक्यांची फुली दिसते. वीण जितकी घट्ट, तितके ठिपके दूर दूर पांगतात. म्हणजे कापडाचे धागे न दिसताही, ठिपक्यांवरून वीण मोजता येते! स्फटिकात रेणू असेच विणलेल्या धाग्यांसारखे ओळीने मांडलेले असतात. त्यावर क्ष-किरण सोडले, की मागच्या पट्टीवर ठिपके उमटतात. ठिपक्यांवरून उलट गणित करीत करीत रेणूची वीण काढावयाची. १९३४ साली केंब्रिजमध्ये बर्नाल आणि डोरोथी क्रोफूट (पुढच्या डोरोथी हॉजकिन) यांनी पेप्सिन या प्रथिनाचा स्फटिक ओला ठेवून असे छायाचित्र घेतले आणि प्रथिनांची दारे प्रथम किलकिली झाली.

त्या दारातून जो माणूस आत गेला त्याचे नाव मॅक्स पेरुत्झ. जन्म १९१४, गाव व्हिएन्ना. घराणे गिरणीमालकांचे. ऑस्ट्रियात यंत्रावरचे सूत आणि यंत्रावरचे विणकाम आणणाऱ्यांपैकी त्याचे पूर्वज. गिरणीमालकाच्या मुलाची कौतुके आमच्या तोंडून ऐकून काही जुने सहकारी हसतील. पण पोराने गिरणी सोडून रसायनशास्त्र धरले, १९३६ साली तो केंब्रिजला बर्नालकडे आला आणि १९३७ मध्ये त्याने घोड्याच्या हिमोग्लोबिनचा स्फटिक हाती घेतला. १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि ज्यू कुळातील हे कुटुंब निर्वासित झाले. पुढे १९४० मध्ये इंग्रज सरकारने या हिटलरच्या वैऱ्यालाच ‘शत्रुराष्ट्राचा नागरिक’ ठरवून अटक केली आणि कॅनडातील छावणीत धाडले. सुटून आल्यावर गडी पुन्हा त्याच स्फटिकापुढे बसला.

अडचण अशी होती, की ठिपका किती गडद हे पट्टीवर दिसते, पण ती लाट चढतीला होती की उतरतीला, हे दिसत नाही. तबल्याचे बोल सगळे ऐकू यावेत, पण सम कोठे पडते तेच कळू नये, तशी ही गत. सम कळल्याशिवाय ताल बांधता येत नाही. १९५३ साली पेरुत्झला युक्ती सापडली. हिमोग्लोबिनच्या रेणूला पाऱ्याचा जड अणू चिकटवावयाचा आणि पुन्हा छायाचित्र घ्यावयाचे. अंधारातील मिरवणुकीत एकाच माणसाच्या डोक्यावर गॅसबत्ती दिली, तर त्याच्या जागेवरून बाकीच्यांच्या जागा लावता येतात, तसे दोन छायाचित्रांतील फरकावरून सम सापडू लागली. त्याचा सहकारी जॉन केंड्र्यू याने स्पर्म देवमाशाच्या स्नायूतील मायोग्लोबिन या धाकट्या भावाचे रूप १९५७ च्या सुमारास आधी काढले आणि १९५९ मध्ये हिमोग्लोबिनचे रूप उभे राहिले. आरंभापासून २२ वर्षे! १९६२ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. हजारो ठिपक्यांची गडदता दिवसचे दिवस मोजून आकड्यांच्या रांगा भरणाऱ्या साहाय्यक मुलींना अर्थातच ते मिळाले नाही. ही नोंद आमच्यासारख्याने नाही करावयाची तर कोणी?

याच काळात आपल्या देशातही हे काम चालू होते. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन यांनी गोपीनाथ कर्था यांच्यासह १९५४–५५ साली कोलॅजेन या प्रथिनाचा तिपेडी पीळ उलगडला. कोलॅजेन म्हणजे आपल्या कातडीतील, कंडऱ्यांतील, हाडांतील दोर. पुढे १९६३ साली रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनी प्रथिनाची माळ कोणत्या कोनात वळू शकते आणि कोणत्या कोनात तिचे अणू एकमेकांवर आदळतील, याचा आराखडा दिला. आजही जगात कोठे कोणी प्रथिनाचे रूप काढले, की ते या आराखड्याला लावून पाहतात.

असो. रूप दिसले, पण काम कळले काय? लगेच नाही. कारण हिमोग्लोबिनची एक खोडी होती आणि ती फार पूर्वीपासून ठाऊक होती. पहिला प्राणवायू त्याच्यावर कष्टाने बसतो, दुसरा त्याहून सहज आणि चौथा तर विनासायास. उतरवतानाही तसेच. एक उतरला, की बाकीचे भराभर उतरतात. चार जागांचे लोह एकमेकांपासून बरेच दूर आहेत. मग एकाची बातमी दुसऱ्याला कळते कशी?

१९३८ साली प्राग येथील फेलिक्स हाउरोविट्झ याने सूक्ष्मदर्शकाखाली एक चमत्कार पाहिला होता. प्राणवायू नसलेल्या हिमोग्लोबिनचे षट्कोनी स्फटिक काचेखाली होते. काचेच्या कडेने हवा आत शिरू लागली आणि हवा जेथे जेथे पोहोचली, तेथे तेथे ते स्फटिक मोडून सुईसारखे नवे स्फटिक तयार झाले. याचा अर्थ एकच. प्राणवायू घेताना रेणूचा आकारच बदलतो. पण बदलतो म्हणजे कसा, हे सांगावयास पेरुत्झला १९७० साल उजाडावे लागले.

ते असे. प्राणवायू नसतो तेव्हा लोहाचा अणू चकतीच्या पातळीबाहेर, सुमारे ०.४ आंगस्ट्रॉम वर असतो. प्राणवायू येऊन बसला, की तो चकतीत ओढला जातो. केवढे हे अंतर! पण त्या लोहाला माळेतील एक मणी जोडलेला आहे, तो ओढला जातो, त्याच्यामागे माळेचा एक सबंध पीळ सरकतो, पागोट्यापागोट्यांच्या मधले विद्युतभाराचे बंध सुटतात आणि अर्धा रेणू उरलेल्या अर्ध्यावर सुमारे १५ अंशांनी फिरतो. बंध सुटले, की बाकीच्या जागाही सैल होतात आणि प्राणवायू सहज घेऊ लागतात. रेणूला दोन मुद्रा आहेत. एक आखडलेली, माल सोडणारी. दुसरी मोकळी, माल घट्ट धरणारी. आणि स्नायू राबत असतो, तेथे कार्बन डायऑक्साइड आणि आम्लता वाढते. तीच आखडलेल्या मुद्रेला बळ देते. म्हणजे जेथे काम अधिक, तेथे माल अधिक उतरतो. डेन्मार्कच्या क्रिस्तियन बोर याच्या प्रयोगशाळेत हे १९०४ सालीच दिसले होते, कारण मात्र अणू दिसल्यावर कळले.

एकाने खांदा दिला, की दुसऱ्याला उचलणे सोपे जाते. संघटनेच्या माणसाला हे ऐकून मोह होणारच, की पाहा, एकजूट निसर्गातच आहे! आम्हांसही झाला. पण त्या मोहाला आम्ही बळी पडणार नाही. रेणूला ना संघटना कळते ना संप. आणि हीच एकजूट माणसाला मारते कशी, हे आता पुढे येत आहे.

शेगडीतील कोळसा पुरेशा हवेविना जळला, की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला ना रंग, ना वास. तो लोहावर नेमक्या त्याच जागी बसतो जेथे प्राणवायू बसतो, आणि हिमोग्लोबिनची त्याच्याशी ओढ प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट आहे. नुसती हीमची चकती उघडी ठेवली, तर ही ओढ सुमारे वीस हजार पट असते. खाचेत लोहासमोर एक मणी आहे, तो प्राणवायूला हात देऊन धरून ठेवतो, म्हणून पारडे एवढे तरी सावरते. ते सावरणे गरजेचेही आहे, कारण जुन्या हीमची मोडतोड होताना आपले शरीर स्वतःच थोडासा हा वायू तयार करीत असते. शेगडीपुढे मात्र ही तजवीज अपुरी पडते.

जे. एस. हाल्डेन हा स्कॉटलंडचा शरीरशास्त्रज्ञ. त्याने कोळशाच्या खाणींतील स्फोटांनंतर मेलेल्या कामगारांची तपासणी केली आणि १८९६ सालच्या अहवालात दाखवून दिले, की बहुतेक जण स्फोटाने मेलेलेच नव्हते. स्फोटानंतर साचलेल्या या वायूने ते मेले होते. तो वायू त्याने स्वतः हुंगून पाहिला होता. आता यात एक कोडे आहे. पांडुरोगाने ज्याचे हिमोग्लोबिन निम्म्यावर आले आहे, तो माणूस रखडत का होईना, कामावर येतो. पण ज्याचे निम्मे हिमोग्लोबिन या वायूने अडवले आहे, तो बेशुद्ध पडतो. निम्मे दोघांचेही आहे, मग फरक का? उत्तर त्या दोन मुद्रांत आहे. चारांपैकी दोन जागा कार्बन मोनॉक्साइडने बळकावल्या, की रेणूला वाटते आपण भरलो. तो मोकळ्या, घट्ट धरणाऱ्या मुद्रेत जातो. उरलेल्या दोन जागांवर प्राणवायू आहे, पण तो सुटत नाही. मेंदू प्राणवायूसाठी तडफडतो आणि माथाडी पाठीवरचे ओझे तसेच घेऊन त्याच्या दारावरून निघून जातो.

आणि आता तो ९८. बोटाला लावावयाचे ते यंत्र प्राणवायू मोजीत नाही, रंग मोजते. एक तांबडा दिवा, एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त दिवा, आणि कोणता प्रकाश किती शोषला गेला त्याचे गणित. प्राणवायू बसलेले हिमोग्लोबिन लालभडक असते. कार्बन मोनॉक्साइड बसलेलेही लालच असते. साध्या यंत्राला त्या तांबड्या प्रकाशात दोन्ही जवळजवळ सारखीच दिसतात. ते दोघांची बेरीज करून ९८ सांगते. त्या गड्याचे रक्त उत्तम नव्हते, ते फक्त लाल होते. मेलेल्याचा गुलाबी चेहराही हेच सांगत होता. साक्षीदार होता, पुरावा होता, फक्त त्यांची भाषा त्या खोलीत कोणाला येत नव्हती. आम्हांस तर नव्हतीच.

आणखी एक गोष्ट तेव्हा आम्हांस कळावयास हवी होती. साध्या हवेत श्वास घेणाऱ्या माणसाच्या रक्तातून हा वायू चारपाच तासांत निम्मा होतो, शुद्ध प्राणवायू दिला तर तासादीडतासात. म्हणजे उपचार आणि तपासणी दोन्ही लगेच व्हावयास हवीत. उशीर झाला, की पुरावा श्वासागणिक उडून जातो. मृताच्या रक्तात मात्र तो टिकून राहतो, पण शवचिकित्सेत तो शोधा असे कोणीतरी म्हणावे लागते.

शेगडीचे येथे थांबवतो, कारण याच रेणूची दुसरी एक गोष्ट आपल्या महाराष्ट्राच्या जिव्हाळ्याची आहे. १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टराने ग्रेनाडाहून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या पेशी पाहिल्या. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की दोष पेशीचा नसून हिमोग्लोबिनच्या रेणूचा आहे. रेणूच्या दोषाला रोगाचे मूळ म्हणण्याची ही पहिली वेळ. पुढे पेरुत्झच्याच मंडळींतील व्हर्नन इंग्रॅम याने १९५६–५७ मध्ये नेमका दोष शोधला. १४६ मण्यांच्या माळेतील सहावा मणी. तेथे ग्लुटामिक आम्ल हवे, ते विद्युतभारित, पाण्यात रमणारे. त्याऐवजी आले व्हॅलिन, पाण्यापासून अंग चोरणारे. बस्स, एवढेच! माल उतरवून रेणू आखडला, की हे व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या एका खळग्यात जाऊन बसते, तो आपल्या शेजाऱ्याला धरतो, आणि रेणूंचे ताठ दोर वळले जाऊन पेशीचा विळा होतो. विळे बारीक नसांत अडकतात. मग ज्या वेदना होतात, त्या ज्याने पाहिल्या तोच जाणे. चांगली तांबडी पेशी १२० दिवस जगते, ही दहावीस दिवसांत मोडते.

भारतात हा दोष प्रथम १९५२ साली नीलगिरीच्या आदिवासींत नोंदला गेला आणि त्याच वर्षी वरच्या आसामातील चहामळ्यांच्या मजुरांतही. आपल्याकडे तो पूर्व विदर्भात, नंदुरबारकडे आणि अनेक आदिवासी व दलित वस्त्यांत आहे. दोघा पालकांपैकी एकाकडून आला, तर माणूस सहसा ठणठणीत राहतो, उलट मलेरियापासून त्याला थोडे संरक्षणच मिळते. दोघांकडून आला, तर रोग. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला चारांत एक अशी भीती. आमच्या एका सभासदाच्या हजेरीपत्रकावर दर महिन्याला तीनचार खाडे असत आणि पर्यवेक्षकाने त्याला कामचुकार ठरवले होते. त्याचे रक्त तपासण्याची बुद्धी आम्हांस झाली, ती या वाचनामुळे.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. ४० वर्षांखालील ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे तिचे उद्दिष्ट आहे. औषधांचे म्हणाल, तर हायड्रॉक्सीयूरिया हे जुने, स्वस्त औषध गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते. १९९५ साली अमेरिकेतील चाचणीत त्याने वेदनांचे झटके जवळजवळ निम्म्यावर आणले. रेणूला प्राणवायूच्या मुद्रेतच धरून ठेवणारे व्हॉक्सेलोटोर हे नवे औषध २०१९ मध्ये अमेरिकेत मान्य झाले आणि २०२४ मध्ये फायद्यापेक्षा धोका अधिक दिसल्याने त्याच्या उत्पादकाने ते जगभरातून मागे घेतले. रूप कळले म्हणजे औषध हाती आले, असे होत नाही, हे आपणही ध्यानात ठेवावे. २०२३ च्या अखेरीस जनुकात दुरुस्ती करणारा उपचार मान्य झाला. अमेरिकेतील त्याची किंमत एका रोग्यामागे २२ लाख डॉलर! रेणूचा दोष एका मण्याचा. बाकीचा दोष कोठे आहे, हे सांगावयास क्ष-किरण लागत नाहीत.

आता शेवटचा मुद्दा. १९७१ साली प्रथिनांच्या रूपांचे एक सार्वजनिक कोठार सुरू झाले, तेव्हा त्यात सात रूपे होती. आज दोन लाखांहून अधिक आहेत. ज्याने रूप काढले त्याने ते येथे ठेवावयाचे आणि कोणीही फुकट न्यावयाचे, असा तेथला रिवाज. २०२० साली अल्फाफोल्ड नावाच्या संगणकीय पद्धतीने नुसत्या मण्यांच्या क्रमावरून प्रथिनाची बांधणी सांगून दाखवली आणि २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा भाग तिच्या कर्त्यांना, डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना, तर अर्धा नवी प्रथिने रचणाऱ्या डेव्हिड बेकर यांना मिळाला. पराक्रम मोठाच आहे. पेरुत्झच्या २२ वर्षांचे काम आता मिनिटांत होते, असे लोक म्हणतात. आम्ही एवढेच म्हणू, की ते यंत्र शिकले कशावर? त्याच कोठारावर. पन्नास वर्षे हजारो माणसांनी स्फटिक वाढवले, ठिपके मोजले आणि फळ सर्वांसाठी उघडे ठेवले. कोठार कुलूपबंद असते, तर यंत्राला दाणा मिळाला नसता.

ज्ञान कोणी काढावे याला आमच्यासारख्यांच्या आयुष्यात मर्यादा आहेत. ते कोणी वापरावे याला मात्र असता कामा नयेत. २०२१ साली दुसऱ्या एका ठिकाणी बंद खोलीत डिझेलचे जनित्र चालू होते आणि तिघांची डोकी दुखू लागली. पुन्हा तेच चिमट्यासारखे यंत्र, पुन्हा ९७, ९८. या वेळी आमच्या पोरांनी तासाभरात तिघांना मोठ्या रुग्णालयात नेले आणि रक्तातील कार्बन मोनॉक्साइडच मोजा, असा हट्ट धरला. तो सापडला. तिघे वाचले आणि आठवड्यात जनित्र उघड्यावर गेले. मिरवणूक निघाली नाही, वर्तमानपत्रात बातमीही आली नाही. २०१६ च्या त्या बाईंना मात्र आम्ही हे जाऊन सांगितले. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “म्हणजे त्यांना त्रास झाला नसेल ना?” आम्ही म्हणालो, झोप लागली असेल. जेवढे वाचले होते त्यावरून ते खरे होते, म्हणूनच सांगता आले.

तेव्हा आज घरी जाताना दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी चालेल, पण इतके राहू द्या. बंद खोलीत शेगडी, गीझर किंवा जनित्र चालू असताना दोघातिघांची डोकी एकदम दुखू लागली, तर आधी माणसे उघड्यावर काढा. बोटावरच्या आकड्यावर विसंबू नका. लगेच रुग्णालय गाठा आणि रक्तात कार्बन मोनॉक्साइड किती आहे, हे विचारा. आणि आपल्या घरात, नात्यात पांडुरोग व अंगदुखी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली असेल, तर लाज न बाळगता रक्त तपासून घ्या.